मज्जातंतूंची साक्ष

२०२५ सालच्या जानेवारीत पुण्यास सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका विकाराची साथ उद्भवली, आणि तोपर्यंत वैद्यकाच्या ग्रंथांबाहेर सहसा न ऐकू येणारे एक नाव घरोघर पोचले. वृत्तपत्रांनी ते ‘गुलेन बॅरी’ असे छापले. फ्रेंच लोक त्याचा उच्चार ‘गियँ बारे’ असा काहीसा करतात. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पोट बिघडल्याचे निमित्त व्हावे, आठपंधरा दिवसांत पायांतली शक्ती जावी, मग हातांतली जावी, आणि क्वचित श्वासही यंत्रावर सोपवावा लागावा, असा हा विकार. ज्यांच्या घरी हा प्रसंग आला त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक झाली. रुग्णाला एका खोलीत नेतात, त्याच्या हातापायांवर धातूच्या चकत्या चिकटवतात, मनगटाशी आणि कोपराशी विजेचे बारीक झटके देतात, आणि पडद्यावर उमटणाऱ्या रेषेवरून मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने गेला ते मोजतात. दुसऱ्या एका परीक्षेत स्नायूमध्ये बारीक सुई घालून त्या स्नायूतल्या विजेचा आवाज ऐकतात.

या दोन परीक्षा कशा जन्मास आल्या, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वैद्यकाचा असला तरी श्रोत्यांनी बिचकू नये. यात जितके शरीरशास्त्र आहे त्याहून अधिक माणसांचा इतिहास आहे. ‘माझा पाय उचलत नाही’ असे एखादा मनुष्य म्हणतो तेव्हा बिघाड चार ठिकाणी असू शकतो. मेंदू वा पाठीचा कणा येथे, तेथून निघणाऱ्या मज्जातंतूत, तंतू आणि स्नायू जेथे मिळतात त्या सांध्यात, किंवा खुद्द स्नायूत. पाचवा तर्क लोकांचा असतो, तो म्हणजे ‘हा ढोंग करतो आहे’. हा पाचवा तर्क नेहमीच इतर चारांच्या आधी धावून येतो. घरात सून अशक्तपणाची तक्रार करू लागली म्हणजे काय बोलले जाते, ते सांगावयास नको. रोग्याच्या शब्दाला साक्षीदार कसा मिळाला, आणि तो साक्षीदार मध्यंतरी फिर्यादी पक्षाला कसा जाऊन मिळाला, अशी ही हकीकत आहे.

तिचा आरंभ इटलीतील बोलोन्या नगरीत, लुइजी गॅल्व्हानी या शरीरशास्त्रज्ञाच्या टेबलावर होतो. कापलेल्या बेडकाची टांग वेगवेगळ्या धातूंचा स्पर्श होताच उडते हे पाहून त्याने १७९१ साली प्रतिपादन केले की प्राण्यांच्या अंगात स्वतःचीच वीज असते. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने हे साफ नाकारले. त्याच्या मते वीज त्या दोन धातूंच्या संयोगाची होती, बेडूक केवळ ती दाखविणारे उपकरण. हे सिद्ध करण्याच्या भरात व्होल्टाने १८०० साली विजेचा घट तयार केला. धातूंच्या बाबतीत व्होल्टा बरोबर होता, बेडकाच्या बाबतीत गॅल्व्हानी. परंतु हे कळावयास पुढची चाळीसपन्नास वर्षे जावी लागली. गॅल्व्हानी ते पाहावयास राहिला नाही. नेपोलियनच्या आश्रयाने आलेल्या नव्या राजवटीची शपथ घेण्यास त्याने नकार दिला, त्यापायी विद्यापीठातील जागा गमावली आणि १७९८ च्या डिसेंबरात तो निवर्तला.

बर्लिनच्या एमिल द्यू बोआ-रेमोंने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हजारो वेढ्यांचे एक नाजूक विद्युन्मापक स्वतः तयार केले. दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवून एक दंड आवळला की काटा हलतो, असे त्याने दाखविले. कातडी विजेला अडविते म्हणून त्याने हातावर फोड उठवून ती सोलून काढली आणि प्रयोग पुन्हा केला. काटा पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक हलला. आजच्या रुग्णाच्या त्वचेवर चकती चिकटवण्यापूर्वी ती जागा घासून पुसतात, त्यामागे कारण हेच.

आता हेर्मान हेल्महोल्ट्झ. याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या परीक्षेतील सारी युक्ती याची आहे. त्याचा गुरू योहानेस म्युलर हा त्या काळचा शरीरशास्त्राचा अग्रणी. मज्जातंतूतील संदेशाचा वेग आपल्याला कधी मोजता येईल असे त्या थोर माणसाला वाटत नव्हते; अंतर हातभर आणि वेग अफाट, मग मोजणार कसे? १८५० साली क्योनिग्झबर्ग येथे शिष्याने तो मोजला. स्नायूला जोडलेला बेडकाचा तंतू घेऊन त्याने आधी स्नायूच्या जवळ झटका दिला आणि स्नायू आवळेपर्यंतचा वेळ मोजला. मग त्याच तंतूला दूरच्या टोकाशी झटका दिला आणि पुन्हा वेळ मोजला. स्नायूला हालचालीस लागणारा वेळ दोन्हींत सारखाच, म्हणून वजाबाकी केली की उरतो तो केवळ तंतूतील प्रवासाचा वेळ. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे तासाला शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. ध्वनीचा वेग याच्या बारापट आहे! आपली इच्छा आणि आपले बोट यांच्यामध्ये काळ जातो, आणि तो घड्याळाने मोजता येतो, ही कल्पना त्या काळच्या सुशिक्षितांना फारशी रुचली नाही. पुढे १८६७ च्या सुमारास बाक्स्ट या सहकाऱ्यासह त्याने हाच प्रयोग जिवंत माणसाच्या हातावर, अंगठ्याच्या स्नायूची हालचाल नोंदवून केला. निरोगी माणसाच्या हातातील वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर किंवा थोडा अधिक असतो, हे आज आपण जाणतो.

परंतु जर्मन प्रयोगशाळेतील ही वजाबाकी रुग्णाच्या खाटेपर्यंत यावयास शंभर वर्षे लागली. खाटेपाशी प्रथम पोचला तो एक निराळाच मनुष्य. गिय्योम द्यूशेन हा बुलोन या बंदरगावचा डॉक्टर १८४२ साली पॅरिसला आला. कोणत्याही रुग्णालयात त्याला नेमणूक नव्हती, विद्यापीठात पद नव्हते. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर चालणारी एक विजेची पेटी काखेत मारून तो साल्पेत्रियेरसारख्या मोठमोठ्या रुग्णालयांतून वॉर्डावॉर्डांत हिंडे, आणि परवानगी मिळेल तेथे रोग्यांना तपासत बसे. खोडसाळ पेटीवाला म्हातारा म्हणून त्याची थट्टा होई. त्याच्या आधी वीज द्यावयाची तर सुया टोचीत. याने असे शोधले की पाण्याने भिजविलेले अग्र कातडीवर योग्य ठिकाणी टेकविले तर हवा तो एकच स्नायू आवळता येतो. अशा रीतीने त्याने जिवंत माणसाचा एकेक स्नायू वाचून काढला आणि १८५५ साली त्यावर ग्रंथ लिहिला.

त्याला जे दिसले ते फार मोलाचे होते. मेंदूच्या विकाराने अंग लुळे पडले असेल तर त्या अंगाचे स्नायू विजेला उत्तर देतात. तंतूच तुटला असेल तर थोड्या दिवसांत देईनासे होतात. म्हणजे केवळ बाहेरून स्पर्श करून बिघाडाचे ठिकाण सांगता येऊ लागले. लहान मुलगे चालता चालता पडू लागतात, पोटऱ्या भरल्यासारख्या दिसतात पण शक्ती नसते, आणि दहाबारा वर्षांच्या वयात खुर्चीला खिळतात, या विकाराचे त्याने १८६८ मध्ये सविस्तर वर्णन केले. त्याला आजही द्यूशेनचेच नाव आहे. त्या मुलांच्या स्नायूंचा कण काढून पाहण्यासाठी त्याने एक विशेष सुईही बनविली. पद नसलेल्या या माणसाला पुढे शार्कोसारखा विख्यात वैद्य आपला गुरू म्हणू लागला. पदवीपत्रे मोजणाऱ्या आमच्या काळाला हे थोडे विचित्रच वाटेल.

त्यानंतरची एक पायरी विल्हेल्म एर्ब याची. ज्याचा तंतू मेला आहे असा स्नायू तुटक झटक्यांना उत्तर देत नाही, पण संथ प्रवाहाला गांडुळासारखा हळूहळू आवळतो, हे १८६८ च्या सुमारास त्याने सविस्तर मांडले. दुसरी पायरी फ्रीड्रिख योली याची, १८९५ ची. काही रुग्ण सकाळी ठीक असतात, दुपारपर्यंत पापण्या मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो. अशांच्या स्नायूला त्याने वारंवार झटके दिले. उत्तर आधी जोरकस, मग दुबळे, मग जवळजवळ नाहीसे झाले, आणि विश्रांतीनंतर पुन्हा परतले. इच्छाशक्तीला बाजूला ठेवून दिलेल्या विजेनेही जो स्नायू थकतो, त्याच्या मालकाला आळशी म्हणण्याची सोय उरली नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा युरोपातील प्रत्येक मोठ्या रुग्णालयात विजेची पेटी होती. या पेटीचे पुढे काय झाले हे आम्हांला या साऱ्या कथेतील मर्माचे स्थान वाटते.

१९१६ हे वर्ष घ्या. फ्रेंचांच्या सहाव्या सैन्याच्या मज्जाविकार केंद्रात जॉर्ज गियँ, झाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल या तिघांपुढे दोन सैनिक आले. दोघांच्या हातापायांतली शक्ती गेलेली. जखम नाही, गोळी नाही. युद्धाला कंटाळून सोंग घेणाऱ्यांची त्या दिवसांत वाण नव्हती, आणि संशय घेणे अगदी सोपे होते. या तिघांनी गुडघ्याखाली ठोकून पाहिले तर प्रतिक्षेप नाहीसा झालेला. पाठीच्या कण्यातील पाणी तपासले तर त्यात प्रथिने वाढलेली पण पेशी नेहमीइतक्याच. स्ट्रोलने त्या प्रतिक्षेपांचे विद्युत् उपकरणांनी आलेख घेतले. निदान झाले ते मज्जातंतूंच्या विकाराचे. हाच तो विकार, जो एकशेनऊ वर्षांनी पुण्यात बोलला गेला. आलेख घेणाऱ्या स्ट्रोलचे नाव मात्र विकाराच्या नावातून गळून गेले. यंत्रापाशी बसणाऱ्याच्या नशिबी बहुधा हेच असते.

त्याच १९१६ साली जर्मनीत लुडविग्सहाफेन येथे फ्रिट्झ काउफमान नावाच्या डॉक्टरने एक ‘उपचार’ प्रसिद्ध केला. धक्क्याने ज्यांचे हातपाय लुळे पडले, वाचा बसली किंवा अंग थरथरू लागले, अशा सैनिकांना तीनपाच मिनिटे जबर प्रवाह द्यावयाचा, मध्ये लष्करी आवाजात हुकूम सोडावयाचे, आणि सैनिक बरा होईपर्यंत एकाच बैठकीत हे चालू ठेवावयाचे. काही सैनिक त्यात दगावले. फ्रान्समध्ये तूर येथे क्लोव्हिस व्हँसाँ असेच करी. बाप्तिस्त देशाँ या सैनिकाने ती वीज घेण्यास नकार दिला, डॉक्टर पुढे सरसावला तेव्हा त्याच्या तोंडावर ठोसे लगावले, आणि १९१६ च्या ऑगस्टमध्ये लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला. वृत्तपत्रांत गदारोळ झाला. शिक्षा झाली सहा महिन्यांची, आणि तीही स्थगित. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात ल्युइस येलंड याने एका मुक्या झालेल्या चोवीस वर्षांच्या सैनिकाला अंधाऱ्या खोलीत कोंडून, बोलल्यावाचून सुटका नाही असे बजावून, घशाला विजेचे अग्र लावून सुमारे चार तासांत बोलते केले, आणि १९१८ च्या आपल्या पुस्तकात हे सारे समाधानाने नमूद केले.

या डॉक्टरांना राक्षस ठरवावे असा आमचा आग्रह नाही. त्यांच्यापुढे आलेल्या पुष्कळांचे तंतू आणि स्नायू खरोखरच शाबूत होते, आणि हे त्यांना पेटीनेच सांगितले होते. इथवर परीक्षा बरोबर. परंतु ‘स्नायू शाबूत आहे’ या उत्तरापुढे ‘म्हणून हा मनुष्य खोटा आहे’ हे वाक्य त्यांनी आपल्या पदरचे जोडले, आणि जी वीज प्रश्न विचारीत होती तिलाच कबुली काढण्यास लावले. चार वर्षे खंदकांत मृत्यू पाहिलेल्या माणसाची वाचा बसते, यात खोटे काय होते? युद्ध संपल्यावर १९२० साली व्हिएन्नात यूलियुस वाग्नर-याउरेग या प्रख्यात प्राध्यापकाविरुद्ध अशाच तक्रारींवरून चौकशी बसली. तज्ज्ञ म्हणून फ्रॉइडने मत दिले. प्राध्यापक निर्दोष सुटला, आणि १९२७ साली वेगळ्या कामासाठी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले.

येलंडने १९१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात जो लेख लिहिला त्यावर आणखी एक नाव होते, एडगर एड्रियन. युद्धानंतर हाच एड्रियन केंब्रिजला परतला. एकेका मज्जातंतूतील संदेश ऐकण्याचा त्याने ध्यास घेतला, आणि १९३२ मध्ये त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळविले. १९२९ साली डेटलेव्ह ब्राँक या अमेरिकन सहकाऱ्यासह त्याने औषध टोचावयाच्या पोकळ सुईत एक बारीक, विलग केलेली तार बसविली, ती स्नायूत घातली आणि ध्वनिवर्धकाला जोडली. आजच्या परीक्षेतली सुई ती हीच. या सुईतून वीज आत जात नाही. ती नुसती ऐकते.

आणि काय ऐकू येते? निरोगी स्नायू विसाव्यात असेल तर काहीच नाही. रुग्णाने किंचित जोर केला की एकेक टपटप सुरू होते, जोर वाढविला की तिची सर होते. तंतू मेलेला स्नायू मात्र विसाव्यातही गप्प बसत नाही. पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा त्याचा प्रत्येक धागा स्वतःशी वाजत राहतो. डेनी-ब्राउन आणि पेनीबेकर यांनी १९३८ साली या आवाजांतले भेद सांगितले. एका जातीच्या विकारात, जेथे मूठ मिटली की चटकन उघडत नाही, सुईतून सूर मारणाऱ्या बाँबफेकी विमानासारखा चढता-उतरता घोष येतो. अनुभवी तज्ज्ञ डोळे मिटूनही तो ओळखतो.

दुसऱ्या महायुद्धात हे ज्ञान कामी आले, आणि यावेळी बऱ्या रीतीने. ऑक्सफर्ड येथे हर्बर्ट सेडन याने १९४३ साली जखमी तंतूंचे तीन वर्ग पाडले. एकात तंतू नुसता बधिरतो आणि आपोआप सुधारतो. दुसऱ्यात आतला धागा तुटतो पण नळी शाबूत असते. तिसऱ्यात सगळेच तुटते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. तुटलेला धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. कोपराशी जखम असेल तर बोटांपर्यंत पोचावयास वर्ष सहज जाते, आणि दीडदोन वर्षे तंतूविना राहिलेला स्नायू मग कामाचा उरत नाही. तेव्हा थांबावे की कापावे? घाई केली तर आपोआप बरा होणारा हात बिघडावयाचा, उशीर केला तर कायमचा जावयाचा. परतणाऱ्या तंतूची चाहूल सुईला डोळ्यांच्या काही आठवडे आधी लागे, आणि त्या चाहुलीवर अनेक हातांचे भवितव्य ठरले.

हेल्महोल्ट्झची वजाबाकी रुग्णालयात आली ती १९४८ साली, होडिस, लाराबी आणि जर्मन या तिघा अमेरिकनांच्या हातून. तीत स्नायूच्या हालचालीऐवजी त्याची वीज नोंदली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉसन आणि स्कॉट यांनी कातडीवरूनच तंतूतील क्षीण संदेश पकडून दाखविला. १९५६ मध्ये एडिंबरोच्या सिंप्सनने दाखविले की रात्री ज्यांचे हात मुंग्यांनी भरून येतात, जाग येते, हात झटकावे लागतात, त्यांच्या तंतूतील संदेश नेमका मनगटाशी रेंगाळतो. अशा रुग्णांत स्त्रियांचा भरणा मोठा. पूर्वी त्यांचा दोष मानेजवळच्या बरगडीत शोधीत, आणि काहींच्या बरगड्या काढल्याही गेल्या! मनगटातील एक पट्टा मोकळा करणे पुरेसे होते. गियँ-बारेच्या विकारातही पुष्कळदा हाच वेग गळतो, कारण त्यात तंतूवरचे आवरण झडते आणि संदेश अडखळत जातो.

आमच्या देशात या परीक्षेचा सर्वांत जुना आणि दुःखद विषय कुष्ठरोग हा आहे. हा रोग मुळात मज्जातंतूंचा. त्वचेवरचा चट्टा हा त्याचा बाह्य चेहरा. कातडीजवळून, थंड भागातून जाणारे तंतू तो गाठतो, म्हणून कोपरामागचा तंतू दोरीसारखा जाड लागतो. बोटे वाकडी होतात ती स्नायूंचे तंतू मेल्याने, आणि झडतात ती वेदना न कळल्याने भाजून आणि कापून. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन येथे ज्यांनी हे हात पाहिले त्यांना अधिक सांगावयास नको. १९४८ पासून वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी स्नायूंचे दोर फिरवून अशा हातांना पुन्हा मूठ दिली. परंतु मूठ जाण्यापूर्वीच तंतू वाचविता आला तर? पेनाच्या टोकाने वा नायलॉनच्या केसाने स्पर्श तपासून बधिरपणा कळतो, त्याच्या काही आठवडे आधी तंतूतील संदेश क्षीण झाल्याचे यंत्राला दिसू शकते, असे एकविसाव्या शतकातील भारतातल्या अभ्यासांनी दाखविले आहे. आणि वेळेवर औषध दिले तर पुष्कळ तंतू सावरतात. २०२३ साली भारतात लाखाहून अधिक नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. यंत्र शहरात आणि रुग्ण खेड्यात, ही मात्र जुनीच कथा. तेथे आरोग्यसेविकेचे कोपर चाचपणारे बोटच अजून पहिले यंत्र आहे, आणि ते वाईट नाही.

काही ठिकाणी या परीक्षांची गरज आता मागे पडली आहे. द्यूशेनच्या विकाराचे जनुक १९८६-८७ मध्ये सापडले, आणि आज त्या मुलाला सुई टोचण्याऐवजी रक्ताचा नमुना पुरतो. काही ठिकाणी त्या मुळातच अपुऱ्या होत्या. झटका देऊन वेग मोजतात तो जाड तंतूंचा. उष्णता आणि वेदना वाहणारे केसाहून बारीक तंतू त्या रेषेत उमटत नाहीत. मधुमेहाच्या कित्येक रुग्णांचे तळवे रात्रभर आग आग करतात, पायावर पांघरूण सहन होत नाही, आणि परीक्षेचा कागद स्वच्छ येतो. मग घरी पुन्हा तोच पाचवा तर्क सुरू होतो. १९९० नंतरच्या दशकात घोट्याच्या वरून तीन मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली हे बारीक तंतू मोजण्याची रीत रूढ झाली. त्या मोजणीत ज्यांचे तंतू कमी भरले, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारलेला जुना कागद होता.